डॉ. ब्रायन ड्रुकर यांना, सांगली जिल्ह्यातून

आदरणीय डॉ. ड्रुकर यांना,
सादर प्रणाम.

आपली माझी ओळख नाही आणि ती होण्याचा योगही दिसत नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, 2009 सालापासून आपल्या संशोधनातून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब या औषधावर आहेत आणि गेल्या आठवड्यात त्यांचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे आजार किती आटोक्यात आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पुन्हा चांगला आला. रात्रीचे जेवण झाले की 400 मिलिग्रॅमची एक गोळी आणि भरपूर पाणी, एवढाच त्यांचा उपचार आहे. सकाळी डोळ्यांभोवती थोडी सूज असते, मधूनच पायांत गोळे येतात, आणि आई तेल लावून पाय चोळत असताना ते शेजारच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत असतात.

हे दिवस दिसतील असे आजाराच्या सुरुवातीला आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. वजन उतरत होते, डाव्या कुशीत जडपणा वाटत होता, दोन घास खाल्ले की पोट भरत होते. पण जवळच्या दवाखान्यात कित्येक महिने टॉनिकवर बोळवण झाली आणि रक्त तपासून पाहावे, हे कोणाला सुचले नाही. पाणथरी (प्लीहा) बरगडीखाली हाताला लागू लागली, तेव्हा शहरातल्या एका नामांकित तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींचा आकडा पाहिला आणि वडील समोर बसलेले असताना, त्यांच्याकडे न पाहता, माझ्या काकांना विचारले, "जमीन किती आहे?" त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेऊन सगळे समजावले, तेव्हा आपले नाव प्रथम कानावर पडले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या वडिलांना झालेल्या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. त्यातून तयार होणारे प्रथिन, तोटी बंदच होऊ नये तसे, पेशींना वाढत राहण्याचा इशारा देत राहते. ते बिघडलेले गुणसूत्र फिलाडेल्फियात 1960 सालीच दिसले होते आणि शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी 1973 साली त्याचा उलगडा केला होता, पण रुग्णाच्या हातात त्यातून काही पडत नव्हते. अस्थिमज्जा बदलणे किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शने सोसणे, हेच मार्ग होते. आपण 1993 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला गेलात, औषध कंपनीतले संशोधक निक लायडन यांच्याकडून त्यांच्या प्रयोगशाळेतली रसायने मागवून घेतलीत, आणि त्यांतले एक, म्हणजेच इमॅटिनिब, नेमके त्याच प्रथिनाला अडवते, निरोगी पेशींना मात्र फारसे दुखावत नाही, हे दाखवून दिलेत. रुग्ण थोडे, म्हणून बाजार लहान, असे कंपनीला वाटत होते; आपण पिच्छा सोडला नाही. जून 1998 मध्ये पहिल्या रुग्णांना औषध मिळाले, आणि 2001 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या 54 जणांपैकी 53 जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले होते. ही ओळ मी वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा त्या चोपन्नाव्या माणसाचे काय झाले असेल, असे त्यांनी आधी विचारले. ते आयुष्यभर शिक्षक होते, आणि मागे राहिलेल्या मुलाकडे त्यांचे लक्ष नेहमीच आधी जाई.

पण आपले आभार मानायचे आहेत ते केवळ या शोधासाठी नव्हे. भारतात मूळ कंपनी नोव्हार्टिसच्या औषधाला महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपये लागत आणि इथल्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात दुसरी गोळी कशीबशी बसत होती. पहिली जमीन विकूनही किती महिने पुरली असती! नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून होता आणि निकाल उलट लागून स्वस्त गोळी बंद झाली तर काय, ही धास्ती आमच्या घरात रोज जेवायला बसत असे. त्याच काळात पुण्याच्या मामांनी एक छापील पान आणून दिले. एका भारतीय आर्थिक दैनिकात 2007 साली आपण लिहिले होते की, हे औषध जगभर ज्या किमतीला विकले जाते, तिने आपल्याला बरीच अस्वस्थता वाटते. कंपन्यांना गुंतवणुकीचा मोबदला मिळावा, पण किरकोळ बदलांवर पेटंट मागून मक्तेदारी लांबवणे योग्य नाही, कारण अशा शोधांमागे अनेक दशकांचा सार्वजनिक पैसा असतो. हे लिहिले नसते तरी आपल्याला कोणी नावे ठेवली नसती. पोर्टलंडमध्ये बसून, इथल्या वर्तमानपत्रात, आपण कधी तपासणार नाही अशा रुग्णांसाठी ते लिहिलेत. वडिलांनी ते पान पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, रक्ताच्या रिपोर्टांच्या वर लावले आणि ते अजून तिथेच आहे. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने तो दावा फेटाळला, त्या संध्याकाळी आईने शिरा केला होता.

विद्वत्ता आणि माणुसकी एकाच ठिकाणी सापडणे दुर्मीळ असते असे म्हणतात. मला ते पटत नाही. आम्हाला बसवून घेऊन समजावणारे ते डॉक्टर, औषध संपायच्या आत आठवणीने फोन करणारा दुकानदार, ओपीडीत आपला नंबर पुढे देणारे अनोळखी लोक, या सगळ्यांत ती भेटली. ज्यांच्याकडे अधिकार असतो आणि जे तो वापरत नाहीत, त्यांचीच उणीव तेवढी फार जाणवली.

म्हणून एक विनंती करते. ज्यांना इमॅटिनिब लागू पडत नाही, अशी माणसे त्याच बाकावर आमच्या शेजारी बसलेली असतात, आणि पुढच्या औषधांच्या किमती ऐकून त्यांचे चेहरे आम्ही पाहतो. 2013 साली जगभरातल्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी या किमतींविरुद्ध एकत्र लिहिले, त्यांत आपलेही नाव होते. या रुग्णांसाठी आपण असेच बोलत राहावे. वडिलांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी