पुराची पातळी तासातासाला कळते, उन्हाळ्यात नदीतला प्राणवायू का कळत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदीत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरल्याचे छायाचित्र उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यातील वृत्तपत्रांत येते, काही दिवसांनी यंत्राने केंदाळ काढण्यास प्रारंभ झाल्याची बातमी येते, त्यानंतर तेरवाड किंवा शिरोळच्या बंधाऱ्यात मेलेले मासे तरंगताना दिसतात, मग पाहणी, पंचनामा, पाण्याचे नमुने आणि नोटिसा यांचा क्रम लागतो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हा विषय नदीतून आणि चर्चेतून एकदमच वाहून जातो. केंदाळ काढणे म्हणजे नदी शुद्ध करणे, ही समजूत या क्रमामुळे पक्की झाली आहे. ती चुकीची का आहे आणि तिच्याऐवजी प्रशासनाकडे नेमके काय मागावे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहू लागते आणि सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. एवढ्या अंतरात शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे सात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि पाणी अडते. या बंधाऱ्यांवर नदीकाठची शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना उभ्या आहेत, त्यामुळे ते नकोत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र नोव्हेंबर ते मे या काळात ज्याला आपण नदी म्हणतो, ते वास्तविक एकापाठोपाठ एक लागलेले सात संथ जलाशय असतात, आणि वाहत्या पाण्याची स्वतःला शुद्ध करण्याची जी थोडीफार शक्ती असते ती याच महिन्यांत सर्वांत क्षीण होते. दुर्दैवाने साखर कारखान्यांचा हंगामही याच काळात असतो आणि धरणांतून येणारे पाणीही याच काळात मोजूनमापून सोडले जाते.

या साचलेल्या पाण्यात काय मिसळते, याचे उत्तर सोयीनुसार दिले जाते. शहरवासी कारखान्यांच्या मळीकडे बोट दाखवतो, कारखानदार शहराच्या सांडपाण्याकडे, आणि इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचा रंग सर्वांनाच दिसत असल्याने कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग सर्वांच्याच यादीत असतात. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य आहे. मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर मळीचे सांडपाणी निघते आणि त्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातील घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू वापरतात ते प्रमाण, लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्याही वर असू शकते. नदीत स्नान करण्यायोग्य पाण्यासाठी या मागणीची कमाल मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, एवढे सांगितले तरी असे पाणी चुकून नदीत गेल्यास काय होते ते कळावे. परंतु हे संकट अधूनमधून येते. घरगुती सांडपाणी बारा महिने, दिवसरात्र येते. कोल्हापूर शहराने जयंती आणि दुधाळी नाल्यांचे पाणी अडवून कसबा बावडा येथे प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभारले, दुधाळीलाही केंद्र झाले, हे मान्य केलेच पाहिजे. नदीकाठच्या गावांचे काय? गेल्या काही वर्षांत घरोघरी नळ आले, त्यांच्यामागून सिमेंटची गटारे आली, ती गटारे ओढ्याला जोडली गेली आणि ओढा नदीला. माणशी ५५ लिटर पाणी धरले तरी दहा हजार वस्तीच्या गावातून रोज चार लाख लिटरहून अधिक सांडपाणी निघते. पाणी देणाऱ्या योजनेचे उद्घाटन होते. तेच पाणी घराबाहेर पडल्यावर कोठे जाते, हा प्रश्न अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

केंदाळ ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती आहे. ऊन, संथ पाणी आणि भरपूर नत्र-स्फुरद मिळाले की तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो, आणि तिचे बी चिखलात अनेक वर्षे टिकते. नत्र आणि स्फुरद तिला सांडपाण्यातून मिळतात आणि उसाच्या शेतांतून पाझरणाऱ्या रासायनिक खतांतूनही मिळतात. उसाला लागणीपासून भरणीपर्यंत जी खते आपण शेतकरी टाकतो, त्यांतील बराच भाग पिकाला न लागता पाट-पाण्याबरोबर खाली उतरतो, हे उसाच्या पट्ट्यात राहून नाकारण्यात अर्थ नाही. येथे एक तांत्रिक बाब नोंदवणे आवश्यक आहे. नेहमीच्या पद्धतीचे शुद्धीकरण केंद्र सांडपाण्यातील सेंद्रिय घाण मोठ्या प्रमाणात कमी करते, पण त्यासाठी वेगळी प्रक्रिया जोडलेली नसेल तर नत्र आणि स्फुरद त्यातून बऱ्याच अंशी तसेच पुढे जातात. म्हणजे नियमानुसार शुद्ध केलेले पाणी नदीत सोडले तरी केंदाळाचे अन्न सुरूच राहते. त्यात काढलेले केंदाळ काठावरच ढीग घालून ठेवले, तर ते कुजून किंवा पहिल्या पुरात वाहून पुन्हा पाण्यातच जाते, आणि काढण्याचा खर्च तेवढा हिशेबात उरतो.

शालेय पुस्तकांत जलप्रदूषण, भूमी प्रदूषण, वायुप्रदूषण असे स्वतंत्र प्रकार शिकवले जातात आणि कायदेही तसेच झाले, पाण्यासाठी १९७४ चा, हवेसाठी १९८१ चा. पंचगंगेच्या खोऱ्यात मात्र हे प्रकार एकमेकांत मिसळलेले आहेत. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी अतिरिक्त पाणी, अपुरा निचरा आणि खतांचा मारा यांतून झाल्या, आणि त्याच जमिनींतून निचरणारे खारे पाणी पुन्हा ओढ्यांना मिळते. उसाचे पाचट पेटवले की धूर आणि काजळी गावावर येते आणि जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय अंश जळून जातो. मग तो भरून काढण्यासाठी आणखी खत पडते.

परिणामांची यादी करण्याची गरज नाही, दोन गोष्टी पुरेशा आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. ती हेपॅटायटिस ई विषाणूची साथ होती, आणि हा विषाणू मुख्यतः मैला मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरतो. दुसरी गोष्ट, इचलकरंजी हे पंचगंगेच्या काठी वसलेले शहर आज पिण्याच्या पाण्यासाठी दूधगंगेकडे पाहत आहे, आणि तेथून पाणी आणण्याच्या सुळकूड योजनेला दूधगंगा काठच्या शेतकऱ्यांचा तीव्र विरोध आहे. शहराची तहान खरी आहे आणि शेतकऱ्यांची भीतीही खरी आहे. पण दोन खोऱ्यांतील सामान्य माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा हा वाद मुळात दारातली नदी पिण्याच्या लायकीची न ठेवल्यामुळे चिघळला, याची आठवण कोणत्याही बाजूचे पुढारी करून देत नाहीत.

आता मागणीविषयी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ठरावीक तासांनी जाहीर होते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर या आकड्यांवर घरातील सामान हलवण्याचे निर्णय होतात. याच बंधाऱ्यांवर उन्हाळ्यात पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा रोज जाहीर का होऊ नये? स्नानयोग्य पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो २ च्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. जैविक प्राणवायू मागणीची चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानात तीन दिवस चालते, त्यामुळे तिचा अहवाल हाती येईपर्यंत दोषी पाणी पुढच्या बंधाऱ्यात किंवा कृष्णेत पोहोचलेले असते. विरघळलेला प्राणवायू मात्र हातात धरता येणाऱ्या मीटरने काठावर उभे राहून काही मिनिटांत मोजता येतो. तो पहाटे मोजला पाहिजे, कारण शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि रात्री तो वापरतात, त्यामुळे पाण्याची खरी हलाखी सूर्योदयापूर्वी दिसते. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्याने नदीचे नव्हे, नमुना घेणाऱ्याचे समाधान होते.

असा आकडा रोज समोर आला तर अनेक निर्णय बदलतील. खालच्या बंधाऱ्याचे बरगे काढून दूषित पाणी पुढे ढकलले की वरच्या गावाची तक्रार मिटते आणि शिरोळच्या गावांची सुरू होते. ते पाणी कोणत्या स्थितीत आणि धरणातून किती ताजे पाणी सोडून पुढे न्यायचे, हे आकडा पाहून ठरवता येईल आणि खालच्या गावांना आधी कळवता येईल. साखर आणि मद्यार्क उद्योगांच्या सांडपाण्यावर स्वयंचलित मोजणी यंत्रे बसवण्याची सक्ती आहेच. ज्या नाल्या-ओढ्यांतून गावांचे आणि शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यांच्या मुखाशी मात्र अशी मोजणी नाही. दोन बंधाऱ्यांच्या दरम्यान आकडा एकाएकी खाली आला, तर शोध त्या टप्प्यापुरता घ्यावा लागेल आणि एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय थोडी कमी होईल.

उपायांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शुद्ध केलेले सांडपाणी नदीत न सोडता उसाला देण्याचा. जे नत्र-स्फुरद नदीत केंदाळ वाढवते, तेच शेतात पिकाच्या कामी येते आणि खताचा खर्च वाचवते. त्यासाठी पाणी जंतूंच्या दृष्टीने तपासलेले असले पाहिजे आणि त्यात रंग उद्योगांचे क्षार मिसळलेले नसले पाहिजेत, नाही तर आपण आणखी जमिनी क्षारपड करू. गावांसाठी मोठ्या यंत्रणांपेक्षा गायरानावरील किंवा ओढ्याकाठच्या जागेतील स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी काही दिवस साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारी तळी, बरी. नदीकाठच्या काळ्या जमिनीत भूजल वर असते आणि पाणी मुरत नाही, म्हणून सगळीकडे शोषखड्डे खणून भागणार नाही. कापड रंगवण्यातील क्षार जैविक प्रक्रियेने निघत नाहीत. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगकाम करणारे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारूनच तो उद्योग उभा राहिला. ती पद्धत महाग आहे आणि लहान उद्योजकाला एकट्याने झेपणारी नाही. इचलकरंजीत ती आणायची तर शासनाला भांडवलात वाटा उचलावा लागेल, हे स्पष्ट बोलले पाहिजे. न्यायालयाच्या आदेशाने कुलपे लागण्याची वाट पाहणे उद्योगालाही परवडणारे नाही आणि त्यावर पोट असलेल्या कामगारांना तर मुळीच नाही.

लोक साथ देत नाहीत, ही सबब या जिल्ह्यात चालणार नाही. मूर्तिदान आणि विसर्जन कुंडे येथे रुजली, तीही श्रद्धेच्या विषयात.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. तेव्हा हा केवळ पंचगंगेचा प्रश्न नाही. सुरुवात मात्र येथून करता येईल. यंदा बरगे घातल्यापासून पुन्हा काढेपर्यंत निदान राजाराम, इचलकरंजी आणि तेरवाड या तीन बंधाऱ्यांवर विरघळलेल्या प्राणवायूची रोज पहाटे मोजणी व्हावी, आणि तो आकडा पूरपातळीप्रमाणेच त्याच सकाळी जिल्हा प्रशासनाने जाहीर करावा. आपल्या दैनिकानेही हवामानाच्या रकान्याशेजारी त्याला रोज जागा द्यावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर