पाणी बदलू नकोस, आधी हे वाच

नागपूर
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या गर्दीत गाडी बाजूला घेऊन उभा होतो. निम्मं ऐकूच आलं नाही. पण "माझ्या माशांच्या टाकीत रोज सकाळी एखादा झिंगा मेलेला सापडतो" हे ऐकलं, आणि "तुझ्यासारखंच झालंय, कुणीतरी औषध मारलं असणार, टाकी रिकामी करून सगळं पाणी बदलतो" हेही ऐकलं. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. तुझं माझ्यासारखं झालेलं नाही असं मला वाटतं, आणि सगळं पाणी बदललंस तर उरलेलेही जातील. का ते सांगायचं तर माझ्याकडे काय झालं ते पहिल्यापासून सांगावं लागेल. त्या वेळी फोनवर मी तुला फक्त "सगळे गेले रे, औषधाच्या फवाऱ्याने" एवढंच सांगितलं होतं. तेव्हा बोलवत नव्हतं.

माझी टाकी तुला ठाऊक आहे. दोन फुटी, 50 लिटरची, दिवाणखान्यात खिडकीच्या विरुद्ध भिंतीला. मॉस आणि थोडी जावा फर्न या पाणवनस्पती, चार गप्पी मासे, आपोआप आलेल्या गोगलगायी, आणि 10 लाल चेरी झिंग्यांपासून वाढत गेलेला 60 जणांचा कुटुंबकबिला. आई त्यांना "लाल मुंग्या" म्हणायची. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसायची आणि कोणत्या मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात ते मला सांगायची. तिच्या गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं कमी झालंय, त्यामुळे तिचा बराच दिवस त्या काचेसमोर जायचा.

खरं तर मला धास्ती उन्हाळ्याची होती. आपल्या नागपूरचा मे म्हणजे 45 अंश. या झिंग्यांना 22 ते 26 अंश मानवतं, 30च्या वर त्यांचे हाल सुरू होतात. वरून पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: 25 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 8 मिलिग्रॅम, 35 अंशाला 7च्या आसपास. म्हणजे जीवाला हवा जास्त लागते तेव्हाच ती कमी मिळते. मी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला. आपल्या कूलरचंच तत्त्व, कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं. रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जायचं, तेवढं मी आरओचं घालायचो. फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, म्हणून ती भर क्षार काढून टाकलेल्या आरओच्या पाण्यानेच करायची. हे लक्षात ठेव, पुढे तुझ्या कामाचं आहे. मे गेला, जून गेला, एकही झिंगा दगावला नाही. मला वाटलं, आता वर्षभर काळजी नाही.

आणि ते गेले ते भाद्रपदात. आपल्या मारबतीच्या, म्हणजे रोगराईला हाकलायला पुतळे मिरवतात त्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी मी भाच्याला खांद्यावर घेऊन महाल भागात मिरवणूक पाहायला गेलो होतो. "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून तो घसा बसेपर्यंत ओरडला. आमच्या गल्लीत तेव्हा डेंग्यूचे तीन रुग्ण होते, घरोघरी कूलरच्या टाक्या उपसणं चाललं होतं. तो ओरडत होता आणि मीही मनापासून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला ऑफिसातून आलो. दिवा लावला तर टाकीत काहीतरी विचित्र चाललेलं. एरवी मॉसवर बसून सावकाश चरणारे झिंगे पाण्यात वर-खाली सैरावैरा पळत होते, काचेवर आपटत होते, मग एकाएकी ताकद संपल्यासारखे तळाला जाऊन कुशीवर पडत होते. पडल्यावरही पाय थरथरत राहायचे. बराच वेळ थरथरायचे. मी तिथेच खाली बसलो. गप्पी मात्र खुशाल खायला मागत वर आले होते.

मग मी तेच केलं जे तू करायला निघाला होतास. तपासणी केली: घाणीतून तयार होणारी विषं, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य, तापमान 28, टीडीएस (पाण्यात विरघळलेलं एकूण द्रव्य) 240, रोजच्यासारखंच. सगळं ठीक आणि डोळ्यांसमोर जीव चाललेत, म्हटल्यावर हात स्वस्थ बसेनात. अर्धी टाकी उपसली, नळाचं पाणी भरलं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकले. रात्री अकराला पुन्हा अर्धी. सकाळी 60 पैकी 14 उरले होते. आणि त्या 14 पैकी पाच पुढच्या दोन दिवसांत गेले. ते विषाने गेले नसावेत, माझ्या पाणी बदलण्याने गेले असावेत. एका रात्रीत पाण्याचे क्षार आणि तापमान इतकं हललं की झिंगे वेळेआधीच कात टाकायला लागतात. आत नवं कवच तयार नसतं आणि जुनं निघतही नाही. त्या पाचांतल्या तिघांची कात अर्धवट अडकलेली होती. ते पाच मला अजून टोचतात.

दोन दिवस मी तांब्याच्या मागे होतो. झिंग्यांच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबं असतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर. पण तेच तांबं पाण्यात जरासं जास्त झालं तर त्यांना मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची काही औषधं तांब्याची असतात, ती झिंग्यांच्या टाकीत कधी घालायची नाहीत. मी औषध घातलं नव्हतं, खतही नव्हतं. तरी नवा पितळी नळ बसवलाय त्यातून आलं असेल का, पालकाचं उकडलेलं पान दिलं त्यावर फवारणी होती का, असं एकेक आठवत बसलो. मग लक्ष गेलं ते गोगलगायींकडे. त्या सगळ्या जिवंत होत्या. काचेवर आरामात फिरत होत्या. तांबं गोगलगायींना झिंग्यांइतकंच वाईट, ते असतं तर त्या आधी कवचात शिरल्या असत्या. मासे जिवंत, गोगलगायी जिवंत, झिंगे मेलेले. आणि काचेवर जे बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत फिरायचे, झिंग्यांच्याच गोतातले सूक्ष्म जीव, तेही एकजात गायब.

तिसऱ्या दिवशी टाकीखालच्या कपाटाआड पडलेलं डब्याचं झाकण काढायला वाकलो तर तिथे एक झुरळ पाठीवर पडलेलं होतं. मेलं नव्हतं. पाय थरथरत होते. अगदी तसेच, मित्रा. मी तो थरथराट तीन दिवस डोळे मिटले तरी पाहत होतो, मला ओळखायला क्षणही लागला नाही.

आईला विचारलं, "घरात कोणी औषध मारून गेलं का गं?" ती सहज म्हणाली, "हो ना, त्या दिवशी दुपारी आला होता सोसायटीने पाठवलेला मुलगा, डासांचं औषध मारून गेला. वास नसलेलं होतं, म्हणून सांगायचं राहिलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी झाकलं होतं रे टाकीला. चादर टाकली होती दुहेरी. त्या मुलाला म्हटलं, आमचे जीव आहेत आत, जपून मार."

तिने झाकलं होतं. खरंच झाकलं होतं. पण एअर पंप टाकीबाहेर, मागच्या फळीवर चालूच होता. चादरीबाहेरची फवारलेली हवा ओढून नळीतून थेट पाण्यात सोडत होता, दुपारभर, माझ्या स्पंज फिल्टरमधून. मी टाकीसाठी घेतलेली सगळ्यात जपून निवडलेली वस्तू म्हणजे तो पंप, बिनआवाजाचा.

डासांच्या, झुरळांच्या बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. मुळात शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या द्रव्याची ही कारखान्यात बनवलेली भावंडं. भिंतीला लावायच्या द्रवाच्या मशीनमध्येही याच गटातलं काहीतरी असतं. ते किड्याच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. संदेश थांबतच नाही, म्हणून ती थरथर. आणि किडे आणि झिंगे एकाच संधिपाद गोतातले; जे झुरळाला मारतं ते झिंग्याला त्याहून कितीतरी कमी मात्रेत मारतं. गोगलगायींना त्याचं फारसं काही होत नाही. माशांनाही ते विषारीच आहे, माझे गप्पी वाचले ते मात्रा थोडी होती म्हणून. आपल्या टेस्ट किटमध्ये हे दिसणार नाही. शून्य अमोनिया, शून्य नायट्राइट आणि टाकीभर विष, असं होऊ शकतं.

आईला मी काय सांगणार होतो? सांगितलं तरी तिला वाटायचंच ते वाटलं. ती दोन दिवस टाकीसमोर बसलीच नाही. मी तिला म्हणालो की तू झाकलंस म्हणूनच नऊ तरी उरले. हे अगदीच खोटंही नसेल.

उरलेल्या नऊंना जुन्या मुरवलेल्या पाण्याच्या बादलीत हलवलं. हे औषध पाण्यात विरघळून राहत नाही, स्पंजला, गाळाला, मातीला चिकटून बसतं. म्हणून स्पंज आणि नळ्या फेकल्या, गाळ उपसला, कार्बनची पिशवी लावली आणि दर आठवड्याला नवी केली. काही आठवड्यांनी आधी दोनच झिंगे सोडले. ते चार दिवस चरले, एकाने कात टाकली, मग बाकीचे सोडले. पंप आता आतल्या खोलीत आहे, भिंतीला भोक पाडून नळी आणलीये. डासांचं मशीन फक्त झोपायच्या खोलीत.

आता तुझं. तू म्हणालास एकेक मरतो, रोज किंवा दिवसाआड. सैरावैरा पळणं नाही, थरथर नाही. आणि एक गोष्ट तू ओघात सांगून गेलास, ती मला गाडीच्या आवाजातही ऐकू आली: "मानेजवळ पांढरा पट्टा दिसतो." अरे, तेच तर! डोकं आणि पाठ यांच्या सांध्यावर कवच आडवं फाटून पूर्ण गोल पांढरं कडं दिसतं, तेव्हा झिंग्याला कात टाकता येत नसते. विषाने असं एकेक आणि कातीच्याच वेळी मरत नाहीत. आणि तुझी टाकी तू भरलीस कशाने? टँकरचं पाणी 700 टीडीएस दाखवतं म्हणून संपूर्ण आरओने. उडालेल्या पाण्याची भर आरओने करणं वेगळं, अख्खी टाकी आरओने भरणं वेगळं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, मॅग्नेशियमही नाही. झिंग्याने कवच कशाचं करायचं?

म्हणून सगळं पाणी बदलू नकोस. एकदम क्षारांनी जड पाणी भरलंस तर माझ्या त्या पाचांसारखं होईल. आधी जीएच, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं थेंबांचं किट आण, कारण टीडीएस मीटर पाण्यात किती विरघळलंय तेवढं सांगतं, काय विरघळलंय ते नाही. मीठ टाकलंस तरी आकडा वाढेल. जीएच 6 ते 8 अंशांवर आणायचाय, पण हळूहळू, काही आठवड्यांत. आरओ आणि टँकरचं पाणी जीएच 8च्या आसपास येईल असं मिसळून एका वेळी टाकीच्या दहाव्या भागाएवढं पाणी बदल, दिवसाआड, तापमान जुळवून, बारीक नळीने थेंब थेंब. मात्र टँकरचं पाणी सॉफ्टनरमधून येत असेल तर त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम असेल, मग ते उपयोगाचं नाही. मिसळलेल्या पाण्याचा जीएच आधी बादलीतच मोजून घे. आणि काती काढून टाकू नकोस. ते स्वतःच खातात, त्यातलं चुनखडीचं द्रव्य परत घेतात. मीही पहिल्या महिन्यात कात पाहून मेला समजून रडवेला झालो होतो, पण कात पोकळ आणि पारदर्शक असते, मेलेला झिंगा गुलाबी, अपारदर्शक होतो.

इतवारीच्या काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन (माकूळ माशाचं पांढरं हाड) आणलाय, एक तुकडा तुला कुरिअरने पाठवतोय. तोही कॅल्शियमच, हळूहळू सुटतं. धुऊन, उकळून टाकीच्या कोपऱ्यात ठेव. सोबत आपल्या शाळेच्या मैदानातल्या देशी बदामाची वाळलेली पानं आहेत, टाकीत घालायला, आईने निवडून, पुसून दिली आहेत. तिथली झाडं अजून आहेत बरं. आपण दोघं अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो बघायला गेलो होतो आणि तू बरणीत तीन मासे भरून आणले होतेस, तेही त्याच झाडांखाली बसून मोजले होते.

नऊचे आता किती झाले विचारशील. गेल्या बुधवारी सकाळी आईने हाक मारली. मॉसवर दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं होती, पारदर्शक, नुसते डोळे दिसत होते. तिने 17 मोजली, मला 14च सापडली. आज ती पुन्हा मोजणार आहे.

पांढरा पट्टा दिसतो तो फोटो पाठव, आणि किट आणलं की लगेच बादलीतला आणि टाकीतला जीएच मोजून कळव. संध्याकाळी सातनंतर फोन कर, तेव्हा मी घरी असतो.

तुझा,
गल्लीतला जुना सोबती