हालचाल थांबली, आजार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'मेंदूत पेसमेकर बसवून हंटिंग्टनवर मात' ही आपली बातमी वाचली. हंटिंग्टन हा मेंदूतल्या पेशी झिजवत जाणारा आनुवंशिक आजार. त्यातला 'मात' हा शब्द खटकला, म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांवर चार वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली. त्याआधी त्यांचं अंग क्षणभर स्वस्थ नसे. खुर्चीत बसवलं तरी घसरत खाली येत. घास तोंडाशी नेताना हात भलतीकडेच जाई. वजन इतकं उतरलं की पॅन्ट कमरेवर टिकेना. (या हालचालींना डॉक्टर 'कोरिया' म्हणतात. नातेवाइकांना तो देश वाटतो, दरवेळी खुलासा करावा लागतो.) टेट्राबेनाझिनने वळवळ कमी झाली, पण मन एवढं खचलं की डॉक्टरांनीच ती गोळी थांबवली.

मग मेंदूच्या दोन्ही बाजूंना, ग्लोबस पॅलिडस या भागात, बारीक तारा घातल्या आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवली. यंत्र सुरू केलं की सगळं शांत, असं मात्र होत नाही. विजेचा जोर वाढवला तर हात थांबत, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन ते उंबरठ्याशी अडून राहत. जोर कमी केला की हात पुन्हा उडू लागत. मधलं माप सापडायला सात महिने गेले.

आज ते स्वतःच्या हाताने चमच्याने जेवतात. मला हे थोडं वाटत नाही. पण बोलणं आणखी अस्पष्ट झालंय, गिळताना ठसका लागतो, शर्टाची बटणं कुठून लावायला घ्यायची ते सुचत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. आम्हीच हवं तेवढं ऐकलं.

चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात 'सीएजी' ही तीन अक्षरं लागोपाठ ४० किंवा अधिक वेळा आली की हा आजार होतो. यजमानांच्या रिपोर्टात ४४ आहेत. तारांनी हा आकडा बदलत नाही, मेंदूतल्या पेशींची झीजही थांबत नाही. पार्किन्सनमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे, हंटिंग्टनमध्ये ती मोजक्याच रुग्णांवर झाली आहे. आपल्या बातमीत दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

आमच्या मुलीला हा आजार येण्याची शक्यता निम्मी आहे. तिने अजून तपासणी करून घेतलेली नाही. बातमी वाचून तिचा फोन आला, "आई, आता बरा होतो ना गं हा?" खुलासा ठळक जागी छापावा, ही विनंती.

– एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये.)