खाऊ काय अन् बोलू कोणाशी?

कोयासान, वाकायामा प्रांत, जपान
कार्तिक महिना

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखवा. फोन रोज होतो, पण आई विचारते "जेवलीस का?", मी म्हणते "हो", आणि तेवढ्यात चिऊ फोन ओढून घेते. काय जेवले, ते कसं मिळालं, हे सांगायचं राहूनच जातं. आणि मला तर तेच सांगायचं आहे.

आई, निघण्याआधी नागपुरात, महालातल्या घरी बसून तुला किती विनवलं. तू एवढंच म्हणालीस, "तिथं मी खाऊ काय अन् बोलू कोणाशी?" बाबांचं मन होतं, पण तुला सोडून ते यायचे नाहीत. तेव्हा तुझ्या दोन्ही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता आहे. पण आधी अडचणी सांगते, म्हणजे मी तुला नुसतं गोड बोलून पटवते आहे असं वाटणार नाही.

इथली सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. तिचं नाव दाशी. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मग रंधा मारल्यासारखे त्याचे पातळ काप काढतात आणि ते गरम पाण्यात टाकून गाळून घेतात. हे गाळलेलं पाणी म्हणजे दाशी. बहुतेक वेळा त्यात कोम्बु नावाचं समुद्रातलं शेवाळही असतं. मिसोचं (म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, शिजवलेला भोपळा, पालकावर घातलेलं पाणी, सगळीकडे हीच दाशी. "यात मासा आहे का?" असं विचारलं तर माणूस अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण ताटात माशाचा तुकडा नसतोच. त्यात फसवणूक काही नाही. आपल्याकडे फोडणीतलं हिंग कोणी वेगळं मोजत नाही, तसंच ते.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून लिहिते. इ.स. ६७५ मध्ये इथल्या तेम्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली होती. पुढे कितीतरी शतकं चार पायांचं जनावर खाणं इथे कमीपणाचं मानलं गेलं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठे ते लोकांत रुळलं. मासा मात्र या देशाने कधीच सोडला नाही. म्हणून "मांस खात नाही" म्हटलं की ते आनंदाने मासा पुढे करतात.

मग काय केलं? हॉटेलातल्या मुलीकडून एका कार्डावर जपानीत लिहून घेतलं आणि तेच वाक्य मी पाठ केलं: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु." मांस आणि मासे खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही. आई, या दुसऱ्या वाक्यात सगळं आहे. ते ऐकलं की समोरचा माणूस थांबतो, विचार करतो आणि मग खरं उत्तर देतो. ओसाकात एका गल्लीत एक म्हातारी बाई उदोनचं दुकान चालवते. तिने माझं कार्ड दोनदा वाचलं, आत गेली आणि रश्श्याचं पाकीटच बाहेर आणून दाखवलं. त्यावर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे हे तुला नको. मग साध्या पाण्यात उदोन उकळून त्यावर किसलेलं आलं, भाजलेले तीळ आणि सोयाचा सॉस घालून समोर ठेवलं. कांद्याची पात घालू का, हेही तिने खुणेनेच विचारलं. मला तुझा चातुर्मास आठवला. मी खाताना ती उभी राहून बघत होती आणि वाडगा रिकामा झाल्यावरच आत गेली. परक्या घरची बाई आपल्या पोटाची एवढी काळजी करते, हे मी विसरायची नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं, पण दुकानातल्या पाकिटांच्या बारीक अक्षरांपुढे तो गडबडतो. म्हणून मी आणि चिऊने लिपीच शिकायला घेतली. जपानीत तीन प्रकारची अक्षरं असतात. चिनी चित्रलिपी हजारोंनी आहे, ती सोडून दिली. त्यातली फक्त दोन चिन्हं पाठ केली, मांसाचं आणि माशाचं. मांसाच्या चिन्हात चौकटीच्या आत दोन छोट्या खुणा एकीवर एक बसलेल्या असतात, माशाच्या चिन्हाखाली चार ठिपके. पाकीट हातात घेतलं की आधी ही दोन शोधायची. कात्सुओ हा शब्द मात्र बरेचदा साध्या अक्षरांतच लिहिलेला असतो, म्हणून ती अक्षरं हवीत.

आणि आई, ती अक्षरं कोणत्या क्रमाने लावलीत ते ऐक: अ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. त्यानंतर सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. चिऊ म्हणाली, "ही तर आजीची बाराखडी!" तिचं खरंच आहे. संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्खूंमुळे हा क्रम इथे आला. जुन्या उच्चारात सा हा च च्या जवळचा होता आणि हा म्हणजे पा होता. तसं म्हणून बघ: क, च, त, न, प, म, य, र, व. कंठापासून ओठांपर्यंत, तू आम्हाला पाटीवर गिरवायला लावायचीस तोच रस्ता. मूळ अक्षरं ४६ आहेत. तुझ्यासारखी बाराखडी पक्की असलेल्या बाईला ती जड जायची नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगते. परदेशी शब्द ज्या तिसऱ्या लिपीत लिहितात तिचेही उच्चार हेच. त्यामुळे तोमातो, चीझु, बाता, मिरुकु वाचता येऊ लागले आणि पाकिटांची भीती गेली.

टोकियोचं फार लिहीत नाही. मोठं शहर आहे, स्वच्छ आहे, फोटोत सगळं पाहिलंच आहे. आल्या आल्या तिथे भारतीय हॉटेलात जेवलो. ते बरं होतं, पण रोज तेच करायचं तर इथवर यायचंच कशाला? बाबांसाठी एवढं: शिंजुकुतल्या नाकामुराया या दुकानात १९२७ पासून भारतीय पद्धतीची करी मिळते आणि ती सुरू करून देणारे होते क्रांतिकारक रासबिहारी बोस. इंग्रजांपासून लपून ते या घराच्या आसऱ्याला आले आणि इथलेच जावई झाले. बाजारातल्या तयार जपानी करीच्या वड्यांत मात्र बरेचदा जनावराची चरबी असते, त्या घ्यायच्या नाहीत.

आता जिथून लिहिते आहे तिथलं सांगते, कारण तुला मी इथेच आणणार आहे.

कोयासान हे डोंगरावरचं देवस्थान आहे, उंची सुमारे ८०० मीटर. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून गाडी निघते, डोंगराच्या पायथ्याशी गोकुराकुबाशीला थांबते आणि पुढे दोरावर ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर यायचं, डोंगर पायी चढायचा नाही. कुकाई नावाच्या भिक्खूंनी ८१६ मध्ये हे ठिकाण वसवलं. त्यांना कोबो दाइशी म्हणतात. आज इथे ११७ मंदिरं आहेत आणि त्यातली पन्नासेक यात्रेकरूंना उतरायला जागा देतात. १८७२ पर्यंत बायकांना वर यायची मनाई होती. डोंगराच्या वेशीवर त्या थांबून प्रार्थना करायच्या, ते न्योनिन्दो हे ठिकाण अजून आहे. तिथे मी बराच वेळ उभी होते. तिथूनच परत फिरलेल्या कितीतरी बायका मनात येत राहिल्या.

इथल्या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. मांस नाही, मासा नाही आणि कांदा-लसूणही नाही. आई, बारा महिने चातुर्मास! दाशीसुद्धा कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची, म्हणजे कार्ड दाखवायचीही गरज नाही. संध्याकाळी लवकर वाढतात. लाखेच्या छोट्या छोट्या वाट्या येतात, प्रत्येकीत दोन-चार घास. पाच रंग, पाच चवी आणि शिजवण्याच्या पाच रीती साधायच्या असा नेम आहे. भोपळ्याचे आणि रताळ्याचे तळलेले काप होते. कोया-दोफू होता, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू (सोयाबीनचं पनीर), जो रश्श्यात भिजून फुगतो. तो याच डोंगरावरच्या थंडीत तयार व्हायचा. आणि होता गोमा-दोफू. त्यात सोयाबीन मुळीच नसतं. तीळ गंधासारखे बारीक वाटायचे, कुझु नावाच्या वेलीच्या मुळांचं सत्त्व आणि पाणी घालायचं आणि आचेवर घोटत राहायचं. गाठ होऊ द्यायची नाही, हात थांबवायचा नाही, मग थापून थंड करून चौकोन कापायचे. हे ऐकल्यावर तुझी पाटवडीच डोळ्यांपुढे आली. चव मात्र अगदी मऊ आणि थंड.

तिखट नाही, फोडणी नाही, हे खरं आहे. पहिल्या घासाला तुला अळणी लागेल. जवसाच्या चटणीची पुडी माझ्या पिशवीत होती आणि जावयांचा हात तिकडे गेलाही, पण मी म्हटलं, एक जेवण असंच जेवून बघू. तिसऱ्या-चौथ्या वाटीपासून भोपळ्याची स्वतःची चव कळायला लागते. चटणी सकाळी साध्या भाताबरोबर खाल्ली आणि वाढणाऱ्या भिक्खूंनाही चाखवली. त्यांनी पुन्हा थोडी मागून घेतली.

सकाळी सहाच्या पूजेला बसलो. मंत्र कळत नव्हते, पण बसावंसं वाटत होतं. मग ओकुनोइनला गेलो. देवदारासारख्या उंच सुगी झाडांतून दोन किलोमीटरची वाट आहे आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या. टोकाला कोबो दाइशींची समाधी. ८३५ पासून ते तिथे ध्यानात बसलेले आहेत, गेलेले नाहीत, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता त्यांच्यासाठी जेवण नेतात. लाकडी पेटी खांद्यावर घेऊन भिक्खू निघतात, आधी चव पाहणाऱ्या जिझो बोधिसत्त्वाच्या मूर्तीसमोर थांबतात आणि मग पूल ओलांडून आत. साडेदहाचा नैवेद्य आम्ही पाहिला. पांडुरंगाच्या जेवणाची तू जी काळजी करतेस, तीच काळजी इथे जवळपास बाराशे वर्षं चालली आहे.

त्या समाध्यांवर पाच दगड एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकावर एक अक्षर. वरून खाली ख, ह, र, व, अ: आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. लिपीचं नाव सिद्धम्, आपल्या देवनागरीच्या नात्यातली. कुकाई ८०४ मध्ये चीनला गेले, तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्खूंकडून संस्कृत शिकले आणि ही अक्षरं इकडे घेऊन आले. चिऊने एकेका दगडावर बोट फिरवून ती वाचली. जवळून जाणारे एक आजोबा थांबले, "इन्दो?" म्हणाले, मी "हाय (म्हणजे हो), नागपूर" म्हटलं. त्यांना नागपूर माहीत होतं! "ससाई-सान," ते म्हणाले. आपले भदंत सुरई ससाई मूळचे ओकायामाचे, इथल्याच देशातले. भाषा येत नसताना ते आपल्या गावात आले आणि गावचेच झाले. बाबा, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिरही जपानच्या देणगीतून उभं राहिलं, १९९९ मध्ये तुम्हीच आम्हाला पाहायला नेलं होतं. या लोकांशी आपलं बोलणं तर आधीच सुरू झालेलं आहे, आई.

तुझ्या एकादशीचीही काळजी नको. सुपरमार्केटच्या दाराशी गरम खड्यांवर भाजलेली रताळी मिळतात. या दिवसांत चेस्टनट आणि काकी नावाचं केशरी फळही असतं. शिवाय मिकान! वाकायामा त्यासाठीच प्रसिद्ध. साल चटकन सुटते, बी जवळजवळ नसते, गोड आहे. पण आपल्या अंबिया बहाराच्या संत्र्यातला आंबटगोड झणका यात नाही. चार इकडच्यांना आपली संत्री द्यावीत असं फार वाटतं, पण ताजी फळं दाखल्याशिवाय या देशात आणता येत नाहीत.

तेव्हा पुढच्या कार्तिकात तुम्ही दोघं आमच्याबरोबर. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तो या महिन्यात नूतनीकरणाला टाका. आईचा नवीनच काढावा लागेल, दादाला सांगा, तो फॉर्म भरून देईल. आईच्या गुडघ्यांसाठी इथे जेवायला ठेंगणी खुर्ची मागितली की देतात, मी विचारून ठेवलंय. थंडी आहे, लोकरी मोजे लागतील. बरोबर जवसाची आणि कराळाची चटणी, मेतकूट आणि आईच्या गोळ्यांची चिठ्ठी, एवढंच. अक्षरांचा तक्ता चिऊने तुमच्यासाठी काढलाय, तो या पाकिटातच घालते आहे. वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मनू