उसाचा पाला डोळ्याला लागला तर मेडिकलमधला ड्रॉप घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं डोळ्यांची शिबिरं लागतात ती बहुतेक मोतीबिंदूचीच. चांगलंच आहे ते, भिंग गढूळ झालेलं काढून नवं बसवलं की म्हातारं माणूस परत पेपर वाचतं. पण शिरोळ, कागल, हातकणंगल्याकडं फडात राबणाऱ्या तरण्या पोरांचा डोळा जातो तो वेगळ्याच कारणानं, त्यावर कोण बोलतच नाही.

उसाच्या पानाची कड करवतीसारखी. तोडताना सपकन लागलं की बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्यातनं बुरशी आत शिरते. लगेच काही कळत नाही हो, काही दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका. माझ्या चुलतभावाचं हेच झालं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघताच ड्रॉप दिला, लाली उतरली, गडी खूश. त्या ड्रॉपमध्ये होतं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. त्यानं लाली आणि ठणका दबतो, बुरशीला मात्र मोकळं रान! शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांनी जखम खरवडून स्लाइडवर बघितली तेव्हा बुरशी सापडली, मग बुरशी मारणारे नॅटामायसिनचे थेंब तासातासाला, कितीतरी आठवडे. डोळा वाचला पण बुबुळावर मधोमध फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग राहिला. आता त्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं मोजता येतात, माणसाचं तोंड ओळखत नाही, रात्री समोरनं गाडी आली की नुसता पांढरा झोत पसरतो. चष्म्यानं हे जात नाही, नेत्रदानातनं बुबुळ मिळालं तर बदलायचं.

आणि हेच ड्रॉप लोक डोळ्याला खाज सुटली म्हणून महिनोन्महिने घालतात! त्यानं डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, त्यात कडेची नजर आधी जाते म्हणून कळतच नाही, आणि गेलेली नजर ऑपरेशन करूनपण परत येत नाही. मध, एरंडेल घालणारे तर घरोघरी, त्यांच्यावर काय बोलायचं.

चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप विकायला कायद्यानं बंदी आहे, औषध प्रशासनानं जरा खेड्यातल्या दुकानांकडं बघावं. कारखान्यांनी तोडणी टोळ्यांना साधे प्लॅस्टिकचे गॉगल द्यावेत, घामानं त्यावर वाफ धरते हे मलापण माहिताय, तरी द्यावेत. आणि कुणाच्या डोळ्याला लागलंच तर मुकादमानं त्याला त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवावं, खाडा न धरता.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, कोल्हापूर