आईचं नाव नसलेला हिशेब

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गणपतीत पाहुण्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "शेती आम्ही करतो, आमचा अभ्यास तू करतेस, यातनं कुणाचं भलं होणार?" तेव्हा घर भरलेलं होतं, नीट बोलता आलं नाही. शेतकऱ्याच्या घराचा आणि जमिनीचा अभ्यास मी का करतेय, याचं उत्तर मात्र द्यायलाच हवं, म्हणून निवांत लिहितेय.

भांगलण, म्हणजे पिकातलं तण काढणं, सुरू झाली की सोप्यातल्या कॅलेंडरवर तुम्ही लिहून ठेवता, "बाया ६, पगार दिला." त्या सहाजणींच्या पुढं ओळ धरून जी वाकलेली असते, ती आई. पहाटे शेणघाण काढून, भाकऱ्या थापून ती शेतात येते. दुपारी बाया सावलीला बसल्या की ही बांधावरचं गवत कापून भारा बांधते, कारण संध्याकाळी म्हशीला घालायचं असतं. कॅलेंडरच्या त्या चौकोनात तिचं नाव नसतं. घरच्या माणसाला पगार कसला, असं तुम्ही म्हणाल. बाबा, माझा सगळा अभ्यास इथूनच सुरू होतो.

रशियात अलेक्झांडर चायानोव्ह नावाचा शेतीचा अभ्यासक होऊन गेला. तिथल्या शेतकरी घरांच्या जमाखर्चाचे ढीग त्यानं चाळले आणि १९२५ साली मांडलं, की शेतकऱ्याचं घर कारखान्यासारखा नफातोटा बघत नाही. घरात खाणारी तोंडं किती, राबणारे हात किती आणि अजून किती कष्ट सोसवतील, यावर त्याचा हिशेब चालतो. म्हणूनच भाव पडला तर कारखाना बंद होतो, पण शेतकऱ्याचं घर जास्त राबतं. पोरं लहान असली की आणखी राबतं. परवडत नसतानाही खंडानं जमीन घेतं. आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हा तुम्ही शेजारचा तुकडा खंडानं केला होता. त्यात काय उरलं, असं मामा विचारायचे आणि तुम्ही गप्प बसायचात. चायानोव्ह वाचला तेव्हा मला ते गप्प बसणं कळलं. छोट्या शेतकऱ्याची बाजू मांडली म्हणून स्टालिनच्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं आणि १९३७ साली गोळी घातली. त्याच्यावरचा कलंक पुसायला १९८७ साल उजाडलं. शेतकऱ्याला नीट समजून घेणंसुद्धा राज्यकर्त्यांना किती जड जातं, ते यात दिसतं.

ही जुनी, परक्या देशाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपला हमीभाव ठरवताना कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाचे वेगवेगळे आकडे काढतो. 'ए-टू' म्हणजे पदरचा खर्च. त्यात घरच्यांच्या श्रमाची किंमत मिळवली की 'ए-टू अधिक एफ-एल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की 'सी-टू'. सरकार दीडपट भाव देतं ते दुसऱ्या आकड्यावर, शेतकरी संघटना मागतात तिसऱ्यावर. म्हणजे आईच्या दिवसाची किंमत काय धरायची, यावर भाताचा भाव हलतो. ती किंमत ठरवणाऱ्यांपैकी कितीजणांनी भांगलणीची ओळ जवळून पाहिली असेल?

इथं पुण्याजवळ पिंपळे सौदागर आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी त्या गावाचा शेत न् शेत अभ्यास केला आणि १९१७ साली तो छापला. १७७१ साली तिथं सरासरी ४० एकरांची जमीनधारणा होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आज तिथं टोलेजंग इमारती आहेत. कुणाचा बांध कुठं होता, तुकडे कसे पडत गेले, हे आता मान यांच्या पानांतच शोधावं लागतं. आपल्या बेळगावकडच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बासमतीचा वास दरवळायचा, हे तरी कुणी असं लिहून ठेवलंय का? हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी जाऊ नयेत म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं झगडले, त्याच्या बातम्या सापडतात. पण भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा कसा घेतात आणि त्यावर घर पुढची सुगी कशी गाठतं, हे बातमीत येत नाही. मोबदला मोजणाऱ्याला हे दुसरं पीक दिसतच नाही.

सीमाभागावर जे लिहिलं जातं ते बहुतेक भाषेवर. ते महत्त्वाचं आहेच, मी कमी लेखत नाही. पण १९५६ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलो, तेव्हा जमिनीचे कायदेही बदलले. आज्जाच्या तरुणपणी मुंबईचा १९४८चा कूळकायदा होता, पुढं कर्नाटकानं १ मार्च १९७४ पासून कुळांच्या जमिनी सरकारजमा करून कुळांना द्यायला सुरुवात केली. २०२० साली शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येईल अशी दुरुस्ती झाली. एकाच बांधावर एवढे कायदे येऊन गेले. त्या बांधापलीकडच्या कानडी घराशी आपला पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबून दिवसाला दिवस फेडणं, आजही चालतो. कुणाचे किती दिवस फेडायचे राहिलेत हे आईच्या तोंडपाठ असतं, कागदावर कुठंच नाही. कर्जाची पत मोजणाऱ्या कुठल्या बँकेला ही पत मोजता येईल?

म्हणून मी हे शिकतेय. माझ्या प्रबंधात आपलंच शिवार घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी तुमची मदत लागेल. आई, यंदा कापणीला कोण कुणाकडं पैऱ्यानं गेलं ते रोज रात्री फोनवर सांगत जा, मी लिहून घेईन. बाबा, ट्रंकेतले जुने उतारे, आज्जाचे कूळकायद्याचे कागद आणि सोसायटीच्या पावत्या एकत्र काढून ठेवा. कानडी कागद काकांकडून वाचून घेऊ. आणि यंदा कॅलेंडरवर बायांचा आकडा लिहाल, त्यात आईला धरा. सुगीला मी येतेच, दोन आठवडे तरी राहीन. माझीही ओळ मोकळी ठेवा.

तुमची,
धाकटी