विषय : एलटीओ-८ टेप ड्राइव्हचा मंद वेग आणि परस्पर बंद केलेली तक्रार

महोदय,

आपल्या साहाय्य केंद्राशी आज झालेल्या बोलण्यानंतर तोंडी सांगण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे. बॅकअपसाठी चुंबकीय टेपवर डेटा लिहिणारा हा एलटीओ-८ ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबी वेगाने लिहितो, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. आमच्याकडे तो ९० एमबीच्या पुढे सरकत नाही. १२ टीबीची टेप सव्वानऊ तासांत भरायला हवी, तिथे ३७ तास जातात आणि शुक्रवारी रात्री सुरू केलेला बॅकअप रविवार उजाडला तरी चालूच असतो.

आमच्या बाजूचे सर्व उपाय करून झाले आहेत. ब्लॉक साइज, म्हणजे एका वेळी लिहायच्या डेटाचा आकार, ६४ केबीवरून २५६ केबी केला, सॉफ्टवेअरमधले कॉम्प्रेशन बंद ठेवले, फायली आधी एसएसडीवर गोळा करून मग टेपवर सोडल्या. शेवटी डिस्क पूर्णपणे वगळून थेट मेमरीतून रँडम डेटा लिहून पाहिला, तरी वेग तोच. टेप थांबते, मागे जाते आणि पुन्हा पुढे येते, हे ड्राइव्हजवळ उभे राहिल्यावर स्पष्ट ऐकू येते. डेटा कमी पडला की ड्राइव्ह असे करतो हे मी जाणतो. पण इथे डेटा भरपूर मिळत असतानाही तेच घडते आहे आणि त्यात हेड व टेप दोन्ही झिजत आहेत.

हे सगळे ऐकून घेतल्यावर आपल्या प्रतिनिधीने मला नेटवर्कची केबल बदलायला सांगितले. ड्राइव्ह सॅस केबलने (स्टोरेज उपकरणे जोडायच्या केबलने) थेट सर्व्हरला जोडलेला आहे, मध्ये नेटवर्क येतच नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी मला बराच वेळ थांबवून ठेवले आणि परत येऊन नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलून पाहायला सुचवले. कोणता स्विच, असे मी विचारले, तेव्हा "सर, बॅकअप पूर्ण होतोय ना? मग तक्रार कशाची?" असे उत्तर मिळाले आणि 'निराकरण झाले' असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली. निराकरण काहीही झालेले नाही. ज्या यंत्राला नेटवर्कची केबलच नाही, त्याची केबल बदलायला सांगणे हा ग्राहकाचा अपमान आहे.

एलटीओ-५ या जुन्या पिढीपासून आम्ही आपलेच ड्राइव्ह वापरत आलो, म्हणून हे अधिक लागले. तक्रारीसोबत दिलेला ड्राइव्हचा लॉग वाचू शकेल असा अभियंता या आठवड्यात पाठवावा आणि दोष आढळल्यास ड्राइव्ह वॉरंटीत बदलून द्यावा. तोवर देखभाल कराराचे नूतनीकरण होणार नाही आणि नव्या टेप लायब्ररीसाठी मी केलेली आपल्या कंपनीची शिफारसही मागे घेतली जाईल.